एकशे तीसच्या बीटवर मालूआत्या

मालूआत्याचं मी काय केलं ते सांगते, पण मला कुणी "जाऊ दे गं, तू काय मुद्दाम केलंस?" असं म्हणायचं नाही. आई तसं म्हणून म्हणून थकली. मी मुद्दामच केलं.

मी समीक्षा, मूळची विचुंब्याची. खांदा कॉलनीत एका सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाच ते सहा या वेळेत बायकांचा व्यायामाचा क्लास घेते. मालूआत्या माझ्या बाबांची थोरली बहीण, वय सहासष्ट, आणि आमच्या आसपासच्या चार गावांची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला गायचा धवला वेगळा. तो वाजंत्रीशिवाय, नुसत्या गळ्याने म्हणायचा, आणि त्यात नवरीचं, तिच्या आईचं, मामाचं नाव गुंफायचं. आत्या शाळेची पायरी चढली नाही, पण धवले तिला शंभराच्या वर पाठ. भात लावताना आजीच्या मागे म्हणत म्हणत शिकली. पुढे शेतं गेली, तिथे टॉवर उभे राहिले, आत्याकडे धवले तेवढे उरले. ती मांडवात पाटावर बसली की बिल्डर झालेले आमचे काकालोकसुद्धा मोबाइल खिशात घालायचे.

क्लासला ती आली शुगरमुळे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज चाळीस मिनिटं न थांबता चाला. आता आत्याला रस्त्यावर कोण चालू देणार, गाड्या अंगावर येतात! म्हणून मीच म्हटलं, माझ्याकडे ये. आली, नऊवारी खोचून, पायात भावाच्या मुलाचे जुने बूट घालून.

इतक्या वर्षांत मला एक कळलंय. बायकांचे पाय माझं ऐकत नाहीत, गाण्याचं ऐकतात. हळदीचं डीजे गाणं लावलं की आमची बँकेतली कीर्ती साहेबाला विसरून उड्या मारते आणि बाराव्या मिनिटाला भिंतीला टेकते. इंग्रजी गाणं लागलं की सगळ्या आरशात बघून पोट आत घेतात. बासरी लावली की जांभया. घरून भांडून आलेल्या बाईला ढोल लागतो, पण दमून आलेल्या बाईला तोच ढोल ऐकवा, रडकुंडीला येते बिचारी.

आत्याला यातलं काहीच मानवेना. पहिल्या आठवड्यात माझ्या गाण्यामागे धावली आणि मटकन खाली बसली. "समे, तुझा गाना मना हाकलतंय गं," म्हणाली. मग उठून मागच्या कोपऱ्यात गेली आणि स्वतःशीच धवला गुणगुणत चालायला लागली. पाऊल, श्वास, ओळ, पुन्हा पाऊल. स्पीकर ठणाणा करतोय आणि ही आपली आपल्या लयीत. चाळीस मिनिटं चालली! अंगाला घाम होता, पण धाप नाही. आमची पंचविशीतली अंकिता तेव्हा बाटली घेऊन खाली बसली होती.

दुसऱ्या दिवशी शेवटची दहा मिनिटं मी स्पीकर बंद केला आणि आत्याला मोठ्याने म्हणायला लावलं. बायका तिच्या मागे चालल्या. संपल्यावर कीर्ती म्हणाली, "मॅडम, डोक्यातला गोंगाटच गेला." तीन महिन्यांत आत्याची शुगर खाली आली. माणसाने इथे थांबावं की नाही? पण नाही, मला दुर्बुद्धी सुचली.

कामोठ्यात नवी जिम निघाली होती, रंगीत दिव्यांची. माझ्या सहा बायका तिकडे गेल्या. मला काहीतरी असं हवं होतं जे तिकडे नाही. एका संध्याकाळी आत्या म्हणत असताना मी फोन तिच्या मागच्या खुर्चीवर चालू करून ठेवला आणि ते रेकॉर्डिंग भावेशला दिलं. भावेश माझा चुलतभाऊ, हळदीला डीजे वाजवतो. "ताई, हे ऐकून लोक झोपतील," म्हणाला. त्याने वेग वाढवला, आवाज वर चढवला, खाली मिनिटाला एकशे तीस ठोक्यांचा बीट टाकला आणि सगळी नावं कापली, म्हणजे गाणं कुठेही चालेल. सहासष्टची आत्या, आवाज निघाला सतरा वर्षांच्या पोरीचा. आत्याला विचारावं असं मला वाटलं नाही असं नाही. ती नको म्हणेल हे ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही.

क्लास भरला. भावेशने ते गाणं हळदीत वाजवलं, त्याचं बघून दुसऱ्यांनी वाजवलं. त्या वैशाखात आमच्या चार गावांत अकरा लग्नं झाली आणि आत्याला पाटावर बोलावलं फक्त दोघांनी. बाकीचे म्हणाले, "आत्ये, तुला कशाला तरास? गाना हाय ना, पाच मिन्टात हळद उरकते." तिला खुर्ची दिली, जेवायला वाढलं, साडीसुद्धा नेसवली. धवला तेवढा नको होता.

आणि आत्याला तो स्वतःचा आवाज ओळखू आला नव्हता. क्लासमध्ये पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कान देऊन म्हणाली, "कोन गं ही पोरगी? गला गोड हाय. पर कवरी घाई! नि नाव कोनाचाच घेत नाय. नाव नाय तं धवला कोनाचा?"

"असेल कुणीतरी उरणची," मी म्हटलं. जीभ झडली नाही माझी!

त्यानंतर ती गुणगुणायची थांबली. सगळ्यांसारखी त्या गाण्यावर चालायला बघायची आणि दर ओळीला मागे पडायची. स्वतःच्याच आवाजामागे धापा टाकणारी म्हातारी मी रोज बघत होते. गाणं बदललं तर बायका ओरडायच्या, "मॅडम, तेच लावा ना!" आणि मी लावायचे. आत्याची शुगर पुन्हा चढली. आवाजही बसला, बोलताना खरखर यायची. डॉक्टरांनी टॉर्च मारून घसा पाहिला, काही नाही म्हणाले.

गेल्या गुरुवारी सगळ्या गेल्यावर आत्या मागे थांबली. मी मॅट गुंडाळत होते.

"समे, त्या उरनच्या पोरीकरं मना नेशील?"

"कशाला गं?"

"माफी मागाची हाय." ती खाली बसली, पदराने तोंड पुसलं. "शेजारच्या दिपाच्या हळदीला तिचा गाना लागला व्हता. मना इतका राग आला गं! मी मनात बोलली, हिचा गला बसूदे, पुन्हा तिला गाना म्हनता येवाला नको. मांडवात बोलली, हळदीच्या समोर. धवलारनीचा बोल मांडवात वाया जात नाय. मी तं लोकांच्या पोरींना आशीर्वाद देनारी बाय, नि मीच असा बोलली. तवापासून झोप नाय मना. कोनाची लेक असंल ती. तिचा वाईट झाला तं?"

आणखी एक थाप मारता आली असती. 'ती दुबईला गेली' म्हटलं असतं तर आत्याने हात जोडून विषय सोडला असता. माझ्या तोंडावर आलंही होतं ते.

"आत्या, ती पोरगी तूच आहेस."

तिला कळेना. मग मी फोन काढला. आधी तिचं मूळ म्हणणं लावलं, मग भावेशचं. वेग कसा वाढवतात, आवाज कसा चढवतात, सगळं सांगितलं. तिला न विचारता घेतलं तेही सांगितलं आणि का विचारलं नाही तेही. तिने तीनदा लावायला लावलं. मी तिचे पाय धरले, हुंदके देऊन रडले. तिने पाय मागे घेतले नाहीत आणि माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही. एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं, ती स्वतःचा गळा चाचपत होती.

"म्हंजे बोल वाया नाय गेला," ती खरखरत्या आवाजात म्हणाली. "जिला लागाचा तिलाच लागला."