ढकलून पाहिलेली गाडी

कुरखेड्याच्या जंगलातल्या वळणांवर दुसऱ्या गियरवरून तिसरा टाकताना जी मजा येते, तिच्यासाठी मला गियरवालीच कार हवी होती. बाबांचं म्हणणं, पोरीच्या जातीला गियरची कटकट कशाला, बिनगियरची घे. माझं डोकं फिरलं, पण मी भांडले नाही. म्हटलं, "बाबा, जंगलात बॅटरी उतरली तर गियरवाली ढकलून चालू होते. बिनगियरची तिथीच बसून राह्यते."

बाबा माझ्यासोबत गाडी पाहायला आले. आरमोरीत जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे माझ्या पगारात बसेल अशी एक छोटी लाल गाडी होती. पण नांगराला जुंपून पाहिल्याशिवाय बाबांनी कधी बैलसुद्धा घेतला नाही. ते स्टिअरिंगवर जाऊन बसले आणि म्हणाले, "ढकल. पाहू दे मले."

मी आणि विकणाऱ्याने भर उन्हात गाडी ढकलली. बाबांचं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलेलं; पहिल्याच दमात इंजिन चालू झालं आणि गाडी दिसेनाशी झाली. अर्ध्या तासाने ते परतले, केस विस्कटलेले.

"घेऊन टाक," म्हणाले. "तुले गियरची कटकट होईन. मीच चालवत जाईन."