सर दाखवायला आले होते

इंगळकर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत, राजापेठेतल्या माझ्या दवाखान्यात होतो. बाहेर दहा-बारा पेशंट बसलेले. अकोल्याहून सरांच्या पत्नी, आमच्या काकूच बोलत होत्या. "गेले रे," एवढंच म्हणाल्या. मी पुढचा पेशंट आत बोलावला, त्याला काय लिहून दिलं ते आता आठवत नाही... या गोष्टीला आता दीड महिना झाला.

अकोल्यात मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात, सरांचा दवाखाना होता. आम्हा शिकाऊ डॉक्टरांना कॉलेजातून तिथे पाठवत. पहिल्याच दिवशी पोट दुखतं म्हणणाऱ्या एका बाईंना मी सोनोग्राफी लिहून दिली. सरांनी कागद बाजूला ठेवला. "पोटाले हात लावला काय, बापू?" नव्हता लावला. "मंग मशीनले काय विचारून राहिला? आधी हात लाव." बाळापूरहून येणाऱ्या म्हाताऱ्या मुसलमान खाला त्यांना सुनांची गाऱ्हाणी सांगत आणि सर मान हलवत पोट चाचपत राहत. मला तेव्हा ही वेळेची नासाडी वाटायची.

पुढे ते अकोला-अमरावतीच्या डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी एक विचित्र प्रथा पाडली. दर बैठकीत आधी एका सभासदाने उभं राहून स्वतःची एक चूक सांगायची. सुरुवात त्यांनीच केली. एका बाईची पाठदुखी आपण कित्येक महिने मलमावर काढली आणि निघाला मणक्याचा क्षय, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. चहाच्या वेळी मात्र "म्हाताऱ्याला लाज चव्हाट्यावर मांडायची हौस," असं कोणीतरी म्हणालं. हसणाऱ्यांत मीही होतो. माझी पाळी यायची तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून अकोल्याला जायचंच टाळायचो.

गेल्या हिवाळ्यात सर अचानक माझ्या दवाखान्यात आले. पँट कमरेवर सैल, चेहरा उतरलेला. "भूक मेली रे अलीकडं," म्हणाले, "वजनही उतरून राहिलं."

"ॲसिडिटी असेल, सर. तुम्हाला मी काय सांगणार?"

त्यांनी तपासणीच्या टेबलाकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे... ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनाच "झोपा, शर्ट वर घ्या" म्हणायला माझी जीभ रेटेना. मी चहा मागवला. अर्धा कप तसाच ठेवून ते उठले. तीन महिन्यांनी निदान झालं तेव्हा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता.

तेराव्याला काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. "दुसऱ्या कोणाले हात लावू देत नव्हते," त्या म्हणाल्या. "मी शिकवलेल्या पोरालेच दाखवीन, म्हणत. त्यासाठीच अमरावतीले गेलते तुह्याकडं. तू पोट पाह्यलं होतं ना त्यायचं?"

"हो काकू. तेव्हा हाताला काही लागलं नाही."

"मंग इलाजच नव्हता," म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा सैलावला. मग त्या मला वाढायला उठल्या, आणि मी जेवलो.

लवकर कळलं असतं तर सर वाचले असते का, मला माहीत नाही. कदाचित नसतेही. पण आयुष्यभर दुसऱ्यांची पोटं तपासणारा माणूस स्वतःचं दुखणं घेऊन माझ्याकडे आला होता, आणि मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. समोर जाऊन हे सांगायचं धाडस माझ्यात नाही, याचीही लाज वाटते. काकू वर्तमानपत्राची ही पुरवणी दर आठवड्याला वाचतात, म्हणून इथे लिहितो आहे.

काकू, मी खोटं बोललो. मी सरांना तपासलंच नव्हतं.