टोकुजिरोंचा उजवा हात

आमच्या बाजारात टोकुजिरोंसारखा टोफू कुणी कापत नसे. डाव्या तळव्यावर पांढराशुभ्र ठोकळा, उजव्या हातात सुरी. चार वार, आणि तळव्यावर ओरखडासुद्धा नाही. म्हणूनच त्यांनी अख्खे ठोकळे विकायला काढले तेव्हा गल्लीभर कुजबुज झाली. "टोकियोत हल्ली हीच पद्धत आहे," असं ते गिऱ्हाइकाला ठणकावून सांगत. टोकियोचं नाव काढलं की ओसाकाचा माणूस वाद घालत नाही, नुसतं नाक मुरडतो.

खरं कारण मला ठाऊक होतं. मी गेमच्या दुकानात सुट्टे द्यायला बसतो. टोकुजिरो रोज दुपारी टोफूचं दुकान बायकोच्या, नोबुएबाईंच्या, गळ्यात मारून येत आणि कोपऱ्यातल्या विमानाच्या खेळापुढे बसत. पडद्यावर तारे वरून खाली सरकतात, शत्रूची यानं डोक्यावर कोसळतात आणि आपलं इवलंसं विमान गोळ्या झाडत वर वर जातं. डाव्या हातात दांडा, उजव्याखाली बटण. जितकं भराभर दाबाल, तितक्या गोळ्या.

आणि टोकुजिरोंचा उजवा हात थरथरायला लागला होता. सुरी धरवेना, पण बटणावर ठेवला की त्याचं शिलाई मशीन व्हायचं! कॉलेजातले बहाद्दर मनगटं चोळत बसत; टोकुजिरोकाका जांभया देत खेळत.

"नोबुएला बोललास तर तुझ्या सूपमध्ये टोफू पडायचा नाही," त्यांनी मला बजावलं होतं.

एका मंगळवारी काका शत्रूच्या शेवटच्या महायानापर्यंत पोहोचले. मागे पंधरा-वीस माणसं श्वास रोखून उभी. तेवढ्यात ओले गमबूट फटफटवत नोबुएबाई आत शिरल्या.

"अहो! सासामोतोची म्हातारी कापून द्या म्हणून अडून बसलीय, आणि तुम्ही इथे विमानं उडवताय?"

"थांब गं, एकच जीव उरलाय!"

"मलाही एकच आहे!"

मग त्यांची नजर त्या हातावर गेली. महायान फुटलं. टाळ्या पडल्या. टोकुजिरोंनी हात झटकन ॲप्रनखाली लपवला, तर ॲप्रनच थरथरू लागला.

"कधीपासून?"

"नवीन वर्षाच्या आधीपासून."

"म्हणून टोकियो होय! अहो, तीस वर्षं शेजारी उभी आहे तुमच्या. मला येत नाही कापायला?"

"तळवा कापून घेशील."

"आणि तुमचा काय लाकडाचा आहे?"

नोबुएबाईंनी खिशातून शंभर येनचं नाणं काढून पडद्याच्या काचेच्या कडेवर ठेवलं. आमच्याकडे तिथे नाणं ठेवलं की पुढचा डाव राखलेला.

"हा यांचा," त्यांनी जमलेल्यांना दरडावलं. मग हळूच म्हणाल्या, "खेळा. पण चारला सोयाबीन भिजवायला या. त्याला हात हलला तरी चालतो."

दुसऱ्या दिवशी टोफू पुन्हा कापून मिळू लागला. तुकडे जरा तिरपे होते. सासामोतो आजींनी भुवई उंचावली.

"टोकियोत," टोकुजिरो छाती काढून म्हणाले, "आता असेच तिरपे कापतात."