सरकारचा खुराक

आमच्या आत्तीला 'जेवलो' हा शब्द कळायचा, पण पटायचा नाही. जेवून आलेल्या माणसाकडे ती अशी बघायची, की त्याला स्वतःच्याच पोटाबद्दल शंका यावी. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला तिनं पाटावर बसवलं. "जेवून आलोय, मावशी," तो म्हणाला. "व्हय, पण कवा?" आत्तीनं विचारलं, आणि तो आठवेपर्यंत त्याच्या ताटात दुसरी भाकरी पडली होती. पुढच्या घरचा जिना त्याला चढवेना, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे मामा, तालमीतले नावाजलेले पैलवान. त्यांच्यासाठी तिनं उभा जन्म बदाम घोटले, तूप कढवलं, मटणाची आळणी, म्हणजे बिनमसाल्याचं पाणी, उकळली. मामा गेले आणि ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा ती सगळी कला हातात शिल्लक होती, खाणारा माणूस तेवढा नव्हता. मी कारकून, चाळिशीतच पित्तानं गाठलेला. दोन भाकऱ्यांत संपायचो. "तुला वाढण्यात काय राम न्हाय गा," ती म्हणायची आणि माझं ताट न बघितल्यासारखं उचलायची.

अशा घरात मी ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं. कारण सांगायला लाज वाटते. संध्याकाळी रंकाळ्यावर लोकांनी वळून बघावं असं माझ्यात काही नव्हतं. निदान हातातल्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला तरी तसं काही असावं, एवढीच इच्छा. रुबाब यावा म्हणून नाव ठेवलं 'सरकार'. सरकारनं पहिल्याच दिवशी वाडगं चाटून पुसून लख्ख केलं, तोंडात धरून आणलं आणि आत्तीच्या पायाशी ठेवलं. आत्ती कितीतरी वेळ त्या वाडग्याकडे बघत राहिली. "आलास व्हय रं," एवढंच म्हणाली आणि पदर खोचला.

त्या दिवसापासून सरकारचा खुराक सुरू झाला. सकाळी दूध आणि चार अंडी. दुपारी भाकरी कुस्करून आळणी. संध्याकाळी पुन्हा दूध, आणि त्यात हाडं बळकट व्हावीत म्हणून चुन्याची निवळी. शिवाय तो हिंडून फिरून गोळा करायचा ते वेगळंच. बायको सकाळी देवपूजा करताना तो पुढ्यात बसून असा सुस्कारा टाकायचा, की नैवेद्याचा दहीभात थेट त्यालाच मिळायचा. मी कचेरीतून आल्यावर तो माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवायचा आणि मी बिस्किटांचा पुडा संपवायचो. जगात आपल्यालाच त्याची भूक कळते, अशी प्रत्येकाची खात्री. आमच्या घरात कुणी कुणाशी फार बोलत नाही, याचा इतका पद्धतशीर फायदा आजवर कुणी घेतला नव्हता.

पाचव्या महिन्यात सरकार टेबलाएवढा झाला. मी त्याला रंकाळ्यावर नेला. लोकांनी वळून बघितलं, पण एक जण थांबून म्हणाला, "पावणं, पाय बघा की ह्येचं." पुढचे दोन्ही पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले होते. आमचं लक्ष इतके दिवस फक्त त्याच्या तोंडाकडे होतं.

जनावरांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. सोबत आत्तीही आली होती, बाजू मांडायला. डॉक्टरांनी पाय दाबून बघितले आणि सांगितलं, "मोठ्या जातीचं पिल्लू सावकाशच वाढायला हवं. हाडं तयार व्हायच्या आधी तुम्ही त्यांच्यावर वजन चढवलंत. दूध बंद, अंडी बंद, ती निवळी तर आजपासून बंद. मी देते ते कोरडं खाणं तीन वेळा, मापानंच. नाहीतर वर्षाचा व्हायच्या आत याचं उभं राहणं बंद होईल."

"बाई, पैलवान पोसलाय मी," आत्ती म्हणाली. "अंग कसं धरतंय मला शिकवू नगंसा."

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी सहज विचारलं, "मग आजी, त्यांचे गुडघे कसे होते?"

शेवटची आठ वर्षं मामा खाटेवरून न्हाणीपर्यंत दोन माणसांच्या खांद्यावर जायचे. हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. आत्तीनं ते कधी तुपाशी जोडून बघितलं नव्हतं.

"शेवटाला बसूनच हुतं," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिनं सरकारच्या खाण्याचा डबा आणि मापाची वाटी स्वतःच्या खाटेखाली ठेवली. मग आमच्यावर पहारा बसला. बायकोचा दहीभात झाकणाखाली गेला. मी खिशातून चतकोर चपाती काढताना सापडलो, तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या मला ती साऱ्यांदेखत म्हणाली, "त्येचा पाय मोडून तुला पुण्य पायजे व्हय?" मी चपाती स्वतः खाल्ली. दुसरं काय करणार?

सरकारला मात्र यातलं काही कळत नव्हतं. वाडगं उचलून तो तिच्यासमोर ठेवायचा आणि बारीक आवाजात रडायचा. आत्ती भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसायची. एकदा मी जवळ गेलो, तर परात मोकळी होती. बोटं नुसतीच फिरत होती. "आत्ती, अगं तांदूळ कुठायत?" मी विचारलं. "जा की तिकडं," ती म्हणाली. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मौतीतसुद्धा मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता.

चार महिने ती रोज परात घेऊन बसली. पाय हळूहळू आत येऊ लागले, उजवा आधी, डावा मागून. डॉक्टर खूश झाल्या. "कुणी सांभाळलं एवढं नेमानं?" त्यांनी विचारलं. मी आणि बायको, दोघांनीही नम्रपणे मान खाली घातली, जणू आम्हीच.

पुढं आत्ती लेकीकडे राधानगरीला राहायला गेली, आणि त्यानंतरच्या थंडीत तिकडेच वारली. ती राधानगरीला निघाली त्या सकाळी सरकार दार उघडं बघून निसटला आणि तिच्या जीपमागं पार नाक्यापर्यंत धावला. मी धापा टाकत त्याच्यामागं. मागच्या काचेतून आत्ती वळून बघत होती. हात हलवला नाही, डोळेही पुसले नाहीत. नजर पार खाली, रस्त्यावर लावली होती. दुपारी पोचल्याचा फोन आला.

"डावा बी आता सरळ पडतोय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.