लग्नासाठी बदललेले बल्ब

आमच्या जीपच्या अपघाताची नातेवाइकांत एकच हकिगत चालते. रात्रपाळी करून आलेल्या माझ्या मेहुण्याला स्टिअरिंगवर डुलकी लागली आणि गाडी उसाच्या ट्रॉलीवर गेली. पोरं त्याला डुलकीमामा म्हणतात. ही हकिगत खोटी आहे, आणि ते ठाऊक असलेला मी एकटाच होतो.

मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, सुप्याच्या एका कारखान्यात कामाला होता. सुट्टीला आमच्याकडे केडगावला आला की जीप तोच चालवायचा. हिवाळ्यात उसाच्या पट्ट्यात सकाळी धुकं उतरतं, म्हणून त्यानं हेडलाइटला साध्या वॅटचे पिवळे हॅलोजन बल्ब बसवले होते. उजेड जितका पांढरा आणि तेज, तितका तो धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरुणपणी त्याच रस्त्यांनी मी दुधाची गाडी चालवली आहे.

पण पुतण्याचं लग्न कर्जतच्या चर्चमध्ये ठरलं आणि नवरदेव आमच्या जीपमधून जाणार होता. पिवळ्या उजेडात गाडी जुनाट दिसेल असं मला वाटलं. मी नगरला दुकानात गेलो.

"नवरदेवाची गाडी हाय म्हनता? मग ह्यो निळसर पांढरा घ्या, जास्त वॅटचा. दिवस पडतो रस्त्यावर," दुकानदार म्हणाला.

"आणि धुक्यात?"

"धुक्यात कोन बघतंय, काका? फोटो तर उन्हातच काढनार ना."

मी हसलो आणि पांढरे घेतले.

लग्नाच्या सकाळी मेहुणा कामावरून परस्पर आला. दिवे लावले आणि खाली उतरून समोर गेला.

"दाजी, हे कुनी बदललं?"

"मी. नवरदेवाची गाडी आहे."

"जुनं बसवू या की. कितीसा येळ लागतोय."

"वऱ्हाड खोळंबलंय. चल."

मी त्याच्या शेजारी बसलो. बायको आणि नवरदेव मागे, लग्नघरातल्या जागरणानं गाढ झोपलेले. शहर मागे पडलं आणि धुकं लागलं.

"पुढं नुसती भिंत दिसतीया, दाजी. डिपरवर उजेड खाली घेतला तरी बी तेच. घेऊ का कडंला?"

"हळू चालव, पण थांबू नकोस. चर्चमध्ये पाळकसाहेब वाट बघतील."

पुढे उभ्या असलेल्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, साधं लाल फडकंही नव्हतं. त्यानं ब्रेक दाबला तेव्हा ऊस बॉनेटला टेकायला आला होता. बायकोचं मनगट मोडलं. पुतण्याच्या कपाळाला खोक पडली. दुपारी तो पट्टी बांधूनच वेदीपुढे उभा राहिला. मेहुण्याचं डोकं स्टिअरिंगवर आदळलं होतं. तो सावध झाल्यावर बायकोनं विचारलं, "डोळा लागला होता का रे तुझा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "रात्रपाळी करून आलाय बिचारा."

एवढंच बोललो. सगळ्यांना ते माझं मोठं मन वाटलं. गॅरेजात शाबूत राहिलेला पांढरा बल्ब मी माझ्या हातानं काढला. मेहुण्यानं त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. बायकोनंही त्याला कधी किल्ली दिली नाही.

यंदा माझ्या डोळ्यांना संध्याकाळचं नीट दिसेना. बायको म्हणाली, पगारी ड्रायव्हर ठेवू. मी म्हणालो, "तुझा भाऊ आहे की." तिनं नुसता स्वतःचा हात पुढे केला. ते मनगट अजून पुरतं वळत नाही. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय? त्याला सांगा."

मी सुप्याला गेलो. मेहुण्याला बल्बांपासून सगळं सांगितलं.

"म्हंजे मी जागा हुतो?"

"जागा होतास. माझ्याशी बोलत होतास."

"मला त्यातलं काय बी आठवत न्हाई, दाजी. गाडीत बसल्याचं आठवतं, मंग एकदम आक्का रडताना. तुमी म्हनलात म्हनून मी धरून चाललो, झोपलो आसंल. आक्काचा हात आपन मोडला." त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. "लई वर्सं धरून चाललो."

मी माफी मागितली.

"आक्काला सांगितलंत?"

"हो."

"नवरदेवाला?"

"अजून नाही."

"मंग लावा की फोन. हितंच, माज्यासमोर. आन् स्पीकर चालू करा."

मी चष्मा लावला आणि पुतण्याचा नंबर शोधला.