आधी वास्तूवाले

हे माझ्या नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही. तुम्हालाच का सांगतेय — काय माहीत. पण सांगतेच.

आधी घराचं ऐका. करमाडजवळ आमचं घर उभं राहिलं ना, तसं आमच्या लाइनीत दुसरं नाही — मोठेपणा वाटला तर वाटू दे! नवऱ्याला शेंद्र्याच्या कंपनीतून सुट्टी मिळेना, म्हणून सगळी धावपळ मी केली, औरंगपुऱ्यातलं माझं ब्युटी पार्लर सांभाळून. पहिल्यांदा माती तपासून घेतली, कारण आमची जमीन काळी, पावसात फुगणारी. मग आर्किटेक्टचा नकाशा, मग पाया नि कॉलम ठरवणारा इंजिनिअर, मग बोअर, आणि त्यानंतर मिस्त्री. वायरमन, प्लंबर गिलाव्याच्या आधी. शेजाऱ्यांनी सगळं उलटं केलं. घाईघाईनं बोअर घेतला, आणि नकाशा आला तेव्हा तो निघाला नेमका जिन्याखाली! गिलावा झाल्यावर वायरींसाठी भिंती फोडत बसले ते वेगळंच. आमच्या भिंतीला अजून केसाएवढी चीर नाही. आता घर बांधणारे माझ्याकडं येतात, ताई, कुणाला आधी बोलवायचं म्हणून, आणि मी ऐटीत सांगते.

फक्त त्या क्रमातल्या एका माणसाबद्दल मी खोटं बोलते — नकाशाच्या आधी वास्तूवाले आले, असं सांगते.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, सिल्लोडकडच्या. प्लॉट त्यांच्याच नावावर. त्यांचं एकच म्हणणं — आधी वास्तूवाले, ते सांगतील तसं बाकीच्यांनी करायचं. मी व्हय म्हटलं. त्यांना रस्त्याकडची खोली हवी होती. सगळं आयुष्य मागच्या चुलीपाशी गेलं, आता खिडकीत बसून येणारं-जाणारं बघायचं, एवढंच.

आणि मला? मलाही तीच खोली. पार्लरसाठी. औरंगपुऱ्यातला तो अंधारा जिना चढून चढून वैतागले होते मी. रस्त्यावर माझ्या नावाची पाटी हवी होती — लई हवी होती. सरळ मागितली असती तर? दिलीही असती त्यांनी, कुणास ठाऊक. मी मागितलीच नाही.

आमचा रस्ता पश्चिमेला. शास्त्राप्रमाणं थोरल्यांची खोली नैऋत्येला, म्हणजे बरोब्बर रस्त्याकडं! शास्त्रही आईंच्याच बाजूनं होतं म्हणा ना. मग मी काय केलं? माझ्या मनासारखा काढून घेतलेला नकाशा पर्समध्ये घातला नि वास्तूवाल्या काकांच्या घरी गेले. त्यांच्या मुलीचा लग्नातला मेकअप मीच केलेला, ओळख होती. काका आधी नाही-नाही म्हणाले. मग मी रडले — ते रडणंही खोटंच.

एका सकाळी काका होकायंत्र घेऊन प्लॉटवर आले, जणू माझा नकाशा कधी पाहिलाच नाही. गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, आजींची खोली मागं, देवघराला लागून. त्या रस्त्याकडं राहिल्या तर मुलाला त्रास होईल.

ते मुलाला त्रास — ते मीच सांगायला लावलं होतं. नुसत्या दिशेवर आई ऐकल्या नसत्या, हे मला पक्कं माहीत होतं.

आईंनी विचारसुद्धा केला नाही. "मग नको गं बाई मला ती खोली," म्हणाल्या.

जिंकले मी. आजही पाटीकडं बघितलं की छाती फुगते, आता कशाला खोटं बोलू? पार्लर जोरात चालतंय. लग्नसराईत बायका ओट्यावर बसून नंबर लावतात. आईंची खिडकी मागच्या कंपाउंडच्या भिंतीकडं उघडते.

संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं की आई हळूच येतात. खुर्ची खिडकीकडं वळवतात, पण लगेच बसत नाहीत.

"बसू का गं जरा? पोराला काय व्हायचं नाय ना?"

"थोडा वेळ चालतंय, आई," मी म्हणते. आणि घड्याळाकडं बघते.