पखवाजाची कणीक

सकाळी बायको पोळ्यांची कणीक मळते आणि लिंबाएवढा गोळा परातीच्या कडेला काढून ठेवते. तो माझ्या पखवाजाचा. डाव्या पुडीच्या कातड्याला ओली कणीक लावल्याशिवाय पखवाज बोलत नाही, आणि ती रोज ताजी लागते. लग्न झाल्यापासून आमच्या घरात हा गोळा पहिल्या पोळीच्याही आधी निघतो.

कलावंतांना परदेशी पाठवणारं अनुदान मला मिळालं. मी गेलो, आलो, गावाने हार घातले. तिकडची माणसं भली होती. मी कणीक मळायला लागलो की सगळे भोवती जमायचे, फोटो काढायचे. वाजवायला बसलो की हळूहळू पांगायचे. एका बाईंनी तर कणकेचा वास घेऊन डोळे मिटले होते. माझं वाजवणं ऐकताना कुणी मिटले नाहीत.

राग आला नाही. काहीच आलं नाही. "कसं होतं?" असं कुणी विचारलं की मी "छान" म्हणतो, आणि ते खोटंही नसतं. फक्त परतल्यापासून पखवाजाची गवसणी काढलेली नाही.

"आज जरा सैल मळलीय हं, तुम्हाला लागते तशी," बायको एकदा म्हणाली. मी मान हलवली. संध्याकाळपर्यंत गोळ्याला भेगा पडल्या, तिने तो गाईला घातला. मग रोजच घालू लागली.

आज परातीची कडा रिकामी होती. पानात एक पोळी जास्त आली. गरम होती. मी ती खाल्ली.